साहेब आत की बाहेर

उधना, सुरत
वैशाख, १९६९

तीर्थस्वरूप सुकलाल दाजींना,

चिंधाचा दंडवत. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या गुडघ्यांची चौकशी करणार होतो, पण कार्डावरच्या शिव्या वाचून वाटलं, तब्येत ठणठणीत दिसते.

मामा असून भाचीच्या पाठीशी बोहल्यावर का उभा राहिला नाहीस, असं तुम्ही मला विचारता? तुमच्या इंग्रजीला विचारा! दिवाळीत शिरपूरला ओट्यावर कोळशाने लिहून तुम्हीच शिकवलंत, इन म्हणजे आत, आऊट म्हणजे बाहेर. मास्तर माणूस कशाला खोटं सांगेल, म्हणून मी खूणगाठ बांधली. (तिथेच माझं नशीब फुटलं.)

रजेची सही मागायला मिलच्या ऑफिसात गेलो. साहेबाच्या दारावर लाकडी पाटी, तिला सरकती पट्टी, आणि पट्टी आऊटवर. बसलो बाकावर. आतून साहेबाचा खोकला येतोय, चहा-खमण आत जातंय, रिकामी बशी बाहेर येतेय, आणि मी गाढव पाटी वाचतोय. पट्टेवाला म्हणे, "बोर्ड वांचो ने, काका." रोज पाळी सुटली की हेच. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी साहेब बाहेर आला, ढेकर दिली, पट्टी इनवर सरकवली आणि स्कूटरवर बसून घरी गेला! (आत असताना आऊट, म्हणजे आमच्यासारखे छळत नाहीत. घरी गेल्यावर इन, म्हणजे मोठ्या साहेबाला वाटावं, हा कामावरच आहे.) माझ्याखेरीज अख्ख्या मिलला हे ठाऊक. आऊट दिसलं की दार ढकलून घुसायचं, असा इथला रिवाज. माझ्या शेजारच्या मागावरच्या दगाला अक्षरओळखच नाही, तो सरळ घुसला आणि बारशाची रजा घेऊन आला. मी पडलो शिकलेला!

बिनरजेचा आलो असतो, तर माझा माग दुसऱ्याला दिला असता. उज्ज्वलावर अक्षता पडल्या तेव्हा मी त्याच मागावर उभा होतो. रडलो. अक्काला सांगू नका.

आपला (अजून तरी) मेहुणा,
चिंधा

ता. क. : लग्नाला का गेला नाहीस, हे विचारायला इथले सगळे खानदेशी घरी येतात. म्हणून मीही दारावर तसलीच पाटी ठोकली आहे. पट्टी कायम आऊटवर.

आणखी ता. क. : आमच्या सौ. सोनाबाईने भाचीसाठी मामाचं पातळ घेऊन ठेवलं आहे. उज्ज्वलाला आणि जावईबापूंना धाडा. अक्का माझं तोंड पाहणार नाही म्हणते, तिला तर आधी धाडा. म्हणावं, पाटी वाचत बसू नकोस, दार ढकल. मी आतच आहे.