शिपायाची बायको, १९४३

३ नोव्हेंबर
आज कामावर रुजू झाले! पाचोडहून पहाटेची एसटी, मग रिक्षा. संग्रहालय खासगी, छोटंसं, पण खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. प्रदर्शनासाठी चित्रांवर टिपा लिहायच्या. झाडलोट करणाऱ्या कडूबाईंनी आल्याचा चहा पाजला आणि लग्नाचंही विचारून घेतलं.

४ नोव्हेंबर
पहिलंच चित्र: महायुद्धावर गेलेल्या शिपायाची बायको, १९४३. चेहरा राखाडी पट्ट्यांत कापलेला, खांदे विटांसारखे चौकोनी, ओठांच्या जागी एक आडवी रेघ. सावली कुठंच नाही. लिहिलं: ‘हे दुःख नाही, दुःख ओसरल्यावर उरलेली कोरडी जागा आहे.’ संध्याकाळी धाकट्या भावाला, सम्यकला, फोनवर वाचून दाखवलं. वाळूजहून कंपनीच्या बसमधून परतत होता. म्हणाला, ताई, तू पुस्तकच लिही.

६ नोव्हेंबर
दिवसभर चित्रासमोर. हातावर उकळता चहा सांडला, फोड आला, तो कडूबाईंनी दाखवला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, “लई येळ टक लावू नका ताई. आधीच्या म्याडमचा नवरा वारला, तर तिसऱ्या दिशी हितं हजर. डोळ्यात टिपूस नाय.” हसण्यावारी नेलं. बाईच्या गालावर मात्र लालसर छटा दिसतेय. परवा नव्हती.

८ नोव्हेंबर
आईचा फोन. सम्यकचा हात मशीनमध्ये सापडला, घाटी दवाखान्यात आहे. ‘बरं’ म्हणाले. चित्राची चौकट मोजत राहिले. घाबरायला हवं होतं, हे जेवताना लक्षात आलं.

९ नोव्हेंबर
दवाखान्यात गेले. सम्यक कण्हत होता. मला त्याच्या चेहऱ्याचे नुसते पट्टे दिसले — कपाळ, गाल, हनुवटी. आई म्हणाली, पोरी, रड तरी. आलं नाही.

११ नोव्हेंबर
कडूबाई चित्राकडं ओझरतं बघून रडत होत्या. म्हणाल्या, ही बाई भावापायी झुरतेय. सम्यकचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. रंगाला बोट लावलं. ओला. कोमट.

१२ नोव्हेंबर
चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मागून हुंदके. आवाज माझा —

१५ नोव्हेंबर
सम्यक संग्रहालयात आलाय. हात गळ्यात बांधलेला. ताई, घरी चल म्हणत होता. रडत होता. त्यानं चित्र सरळ केलं — मला काय झालंय, ते बघायला.

मघापासून बघतोय.

रडायचा थांबलाय. डोळे कोरडे. त्याला हाक मारायला हवी, एवढं कळतं. का, ते —