पाचवं नाव

रविवार, ५ ऑक्टोबर

जे झालं ते असं:

१. सकाळी ८.१० ला धक्क्यावरून निघालो. वारा नैर्ऋत्येचा, मध्यम. भरती सुरू झालेली.
२. वल्ह्यांवर चौघं. अगदी पुढे डॉरी, मग ब्रॉन, मग तिचा नवरा ॲलन, मागे मी. सुकाण्यावर क्लेम.
३. ८.४२ ला सात नंबरचा लाल खांब. क्लेम म्हणाला, "मोकळं आहे. ओढा!"
४. मोकळं नव्हतं.
५. डॉरीचं वल्हं खांबावर आदळलं, मूठ उलटून तिच्या मनगटावर बसली. हाड शाबूत. सूज.
६. क्लेम म्हणाला, "गेल्या रविवारी हा खांब इथे नव्हता." सगळे हसले.
७. मी हसले नाही.

वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते. होडी कुठे चालली आहे ते पाचांपैकी एकालाच दिसतं. मी क्लेमच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसते. मला खांब दिसत नव्हता, पण क्लेमचे डोळे दिसत होते. ते खांबावर नव्हते. खांबाच्या बाजूला, जिथे काहीच नाही तिथे होते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दिवसभर सामन माशांच्या फार्मवर. दोन कामाच्या बोटी तपासल्या, एक नापास केली. घरी येऊन क्लेमबद्दलच्या जुन्या नोंदी काढल्या.

ऑगस्ट — चहा कपाबाहेर ओतला. दोनदा.

ऑगस्ट — होडी त्याच्या शेडमध्ये, ट्रॉलीवर. मला म्हणाला, "इन्स्पेक्टर, मागे बस जरा, सुकाण्यापाशी. होडी कशी बसते बघतो." मी म्हटलं, ट्रॉलीवरची होडी कशाला बसेल? ती पाण्यात बसते. "बस गं, वाद नको!" बसले. तो बराच वेळ खाली वाकून चाचपत होता. साठ वर्षं होड्या बांधलेला माणूस, आणि हा प्रश्न!

सप्टेंबर — सुकाण्यावर आखडून बसायला लागला आहे. गुडघे छातीशी. आधी पाय लांब सोडायचा.

आणि डॉरी. क्लेमच्या वारलेल्या बायकोची बहीण. तीस वर्षं शाळेची बस चालवली. वल्हवताना मान वळवून पुढे बघते आणि खोकते. एकदा खोकली की होडी डावीकडे वळते. दोनदा — उजवीकडे. पाच रविवार मोजलं. एकदाही चुकलं नाही.

परवा ती ब्रॉनला नातवाच्या दातांचं सांगत होती. खोकायची राहिली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ब्रॉनच्या स्वयंपाकघरात बैठक. जानेवारीच्या शर्यतीत फक्त नोंदणी झालेले क्लब घेतात. नोंदणीला निदान पाच सभासद लागतात. आम्ही पाचच आहोत.

क्लेम वैतागला. "क्लब कशाला हवाय? रविवारी या, ओढा, चहा प्या, घरी जा. ह्यात सेक्रेटरी कुठे बसवणार? होडीत जागा नाही!"

डॉरी म्हणाली, आहे तसंच राहू दे. दोन वर्षं काही अडलं का?

ब्रॉन म्हणाली, "तुझं मनगट दाखव."

डॉरीने बाही खाली ओढली.

क्लेम आणि डॉरी गेले. मग ब्रॉन — "त्याला सांगणार कोण?" ॲलन म्हणाला, "मी नाही. पोहायला त्याने शिकवलंय मला." दोघं माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, कोणी सांगायची गरज नाही. नियमात लिहू.

दोघांचे खांदे एकदम सैल झाले. ब्रॉनने मला पाईचा तुकडा वाढला. स्कॅलप शिंपल्यांची पाई, अजून गरम.

हे इथेच लिहिते: नुसते मित्र असतो तर त्याला काढता आलं नसतं. काढण्यासाठी आधी क्लब लागतो.

रविवार, १९ ऑक्टोबर

नियमांचा मसुदा. मीच लिहिला.

पहिला: जो वल्हवतो किंवा सुकाणू धरतो तोच सभासद.
दुसरा: सुकाणू धरणाऱ्याला धक्क्यावरून पन्नास मीटरवरच्या पाटीवरचा आकडा वाचता आला पाहिजे.

ब्रॉन म्हणाली, "किती छान! कोणाचं नावच नाही ह्यात."

सुकाणू मी धरेन; माझ्या वल्ह्यावर बसायला फार्मवरचा गॅरेथ तयार आहे. क्लेम गेला तरी पाच भरतील. हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ॲलनने उद्याच्या चाचणीची पाटी रंगवून तराफ्यावर उभी केली. आकडा चार. डॉरी धक्क्यावर बराच वेळ उभी होती. नंतर सरळ क्लेमच्या घराकडे गेली.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी ६.४० ला मी छोट्या नावेतून तराफ्यापाशी गेले आणि दुसरी पाटी लावली. कोणाला सांगितलं नाही.

दहाला सगळे जमले. आधी मी वाचलं. ब्रॉनने कागदावर खूण केली. मग क्लेम. नवा स्वेटर, दाढी केलेली. धक्क्याच्या टोकाला गेला, कमरेवर हात ठेवले.

"चार," म्हणाला. "आणि ॲलन, चाराचं शेपूट वाकडं काढलंयस. ब्रश धरता येत नाही, वल्हं काय धरणार!"

कोणी हसलं नाही. तो हसू येण्याची वाट बघत होता. हसू येईना तसा त्याचा चेहरा आमच्याकडे वळला — एकेकाकडे, पण कोणाच्याच डोळ्यांवर नाही.

डॉरी म्हणाली, "अरे देवा."

"किती होता?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "नऊ."

"कधी बदललास?"

"सहा चाळीसला."

"थंडी असणार पाण्यावर."

"होती."

मान हलवली त्याने. "बरोबर आहे. पाटी तपासायची तर अशीच तपासायची." मग डॉरीच्या दंडाला धरून पायऱ्या उतरला. पायऱ्या सात आहेत. त्याने मोजल्या. ओठ हलत होते.

ॲलन मला म्हणाला, "तू माणूस आहेस की मोजमापाचं गेज?" खूण केलेला कागद मात्र त्याने सांभाळून घडी घातला.

रविवार, १६ नोव्हेंबर

क्लबचं पत्र घेऊन क्लेमकडे मीच गेले. ब्रॉनला डोकेदुखी. ॲलनला कुंपणाचं काम.

त्याने पाकीट उघडून माझ्यापुढे धरलं. "वाच की. तूच लिहिलंयस."

वाचलं. "श्री. सी. हॅड्रिल यांस —"

"थांब. ह्या घरातला शेवटचा श्रीयुत माझा बाप. तो बासष्ट साली गेला. पुढे वाच."

पुढे वाचलं. आभार, दोन वर्षांची सेवा, नियम एक, नियम दोन, खेद. तीन मिनिटं लागली. तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होता. सगळे गोळा झाले, तरी बोट फिरत राहिलं.

"खेद कोणाला झालाय?"

"तशी लिहायची पद्धत आहे."

"हं. म्हणजे कोणालाच नाही." मग अगदी सहज — "मागे बसून बघितलंस का?"

"अजून नाही."

"बघ."

दारापर्यंत आला नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

नव्या रचनेची पहिली फेरी. झाली नाही.

डॉरी आली ती साध्या चपलांत. आपलं वल्हं माझ्या हातात दिलं. "माझं नाव काढ."

मी म्हटलं, मग आम्ही चारच उरतो.

"मुलं मोजून बसमध्ये चढवायची मी. पाचातून एक गेला की किती, ते मला शिकवू नकोस!"

ब्रॉन मध्ये पडली. "डॉरी, हे त्याच्याच सुरक्षिततेसाठी —"

"तू गप्प. निदान ही स्वतः जाऊन पाटी बदलून आली. तुम्ही दोघं तिच्या पाठीमागे लपलात."

मग माझ्याकडे वळली. "एक महिना थांबली असतीस तर —" आणि थांबली. वाक्य पुरं केलं नाही. विचारलं, तर म्हणाली, "मोजमाप तुझं काम आहे. तूच काढ."

बुधवार, २६ नोव्हेंबर

ब्रॉनचा फोन. पाचवं कोणी मिळालं का? नाही. खाडीवर ऐंशी घरं आहेत. पाटीवर नऊ होता हे ऐंशी घरांना ठाऊक आहे. दुकानात पाव घेताना मागून कोणीतरी म्हणालं, "मेरिन, आज किती वाजले? नक्की ना, की तेही बदललंस?"

अर्ज ५ डिसेंबरपर्यंत द्यायचा आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

होडी धक्क्याजवळ ट्रॉलीवर आहे. एकटीच गेले. पट्टी आणि टॉर्च घेऊन मागे बसले, सुकाण्यापाशी.

सुकाणू धरणारा पाय टेकतो ती आडवी फळी. माझे दोन्ही तळवे तिच्यावर बरोबर टेकले. ताण नाही, फट नाही.

क्लेम माझ्यापेक्षा एक फूट उंच आहे.

खाली वाकून पाहिलं. फळी चौदा सेंटिमीटर मागे, बैठकीकडे सरकवली आहे. जुनी भोकं लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली आहेत, खुंट्यांच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवून. वर वॉर्निशचे तीन हात. वॉर्निश पूर्ण कडक, कडेला झिजलेलं. म्हणजे तीन महिन्यांपूर्वीचं. सहा स्क्रू. सहाही खाचा एका रेषेत. बोटांनी चाचपून बसवलेले.

ऑगस्टची नोंद: मला मागे बसवून खाली चाचपत होता. सप्टेंबरची नोंद: आखडून बसायला लागला आहे.

नोंद बरोबर आहे. कारण चुकलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

जाड मार्करने लिहिलं, एका कागदावर चार-पाच शब्द, म्हणजे त्याला कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. आठ कागद लागले. शाई खालच्या टेबलावर उतरली. मजकूर असा:

क्लेम, नोंदणीला पाच नावं लागतात. आम्ही चार आहोत. पहिला नियम मी खोडला आहे. दुसरा तसाच आहे. फळी मी पाहिली. पाचवं नाव तुझं हवं आहे. हो की नाही ते बुधवार, ३ डिसेंबरपर्यंत कळव. — मेरिन