डायनामोचं सासर

॥ श्री वीतरागाय नमः ॥
अनगोळ, बेळगाव
ता. १८ जून १९४६

ती. ब्राह्मीआक्कास,
बाळगोंडाचा शि. सा. न. वि. वि.

चंदनाचं लग्न उरकून तुझ्या दारातून निघालो तो सुखरूप पोचलो. लेक सासरी गेल्यावर तुला घर खायला उठत असेल, याची कल्पना आहे. वाटेत तुझे लाडू कोणाला दिले नाहीत. तू बजावलं होतंस म्हणून नव्हे, कोणी मागितलेच नाहीत.

इथे पंचाईत झाली आहे. मी नव्हतो तेवढ्यात बेंदूर आला. या माळावर बैल एकही नाही, म्हणून आमच्या भरमू ड्रायव्हरने खोदायचं मशीनच बैल मानलं. सणाला बैलाचं जू-कासरा उतरवतात तसं सुटेल ते सगळं सुटं केलं, मशीन धुतलं, तांबड्या रंगाने आतून-बाहेरून रंगवलं, फावड्याच्या दातांना शिंगांसारखी बेगड लावली आणि पोळीचा नैवेद्य दाखवला. लढाईतून लिलावात आलेलं हे मशीन, पण तिथे गोऱ्यांनीही याचे एवढे लाड केले नसतील. रंगाने खालच्या जागाही सोडल्या नाहीत हे बघून मी त्याचं तोंडभर कौतुक केलं.

आता बॅटरी भरत नाही. तुला समजेल असं सांगतो. इंजिन फिरलं की पट्ट्यावर डायनामो फिरतो, तो वीज करतो, ती बॅटरीत साठते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच विजेवर इंजिन चालू होतं. सध्या विजेचा काटा कचेरीतल्या कारकुनासारखा जागचा हलत नाही. बॅटरी रोज कँपातल्या दुकानातून भरून आणावी लागते, तीही गावातून मागवलेल्या बैलगाडीने. पट्टा ताणला, डायनामोतले झिजलेले कार्बन बदलले. डायनामो काढून दुकानात नेऊन फिरवला तर दिवा लख्ख पेटला. मशीनवर बसवला की मुका. माहेरी बडबड, सासरी गप्प.

ठेकेदार म्हणतो, अमावास्येपर्यंत चाललं तर मशीन होसपेटकडे धरणाच्या कामावर जाईल आणि बरोबर मी. तीन-चार वर्षं सुटका नाही. नाही चाललं तर ते भंगारात आणि मला कायमची रजा. तसं झालं तर निपाणीला तुझ्याकडे येऊन राहीन, हे कबूल केलंच आहे.

संध्याकाळी मंडळी गावात जातात. मी उजेडी जेवून मशीनपाशी बसतो. तेही बोलत नाही, पण का बोलत नाही ते मला शोधू देतं.

माया चालू ठेवावी. तिला बॅटरी लागत नाही.

तुझा
बाळगोंडा


निपाणी
ता. २२ जून १९४६

चि. बाळगोंडास,
ब्राह्मीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चंदना गेल्यापासून घरात इतकं सामसूम आहे की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी मी व्हय म्हणते. एकटीपुरती आमटी करता येत नाही रे. शिळं आपण खात नाही, आणि शेजारच्या नागुबाईला नेऊन दिली तर ती मीठ जास्त म्हणते आणि भांडं ठेवून घेते.

तू त्या लोखंडाच्या मागे किती लागशील? ठेकेदाराला सरळ सांग, गेलं म्हणून. माणसं जातात, मशीन जायला काय झालं? पुढची खोली सारवून ठेवली आहे. पन्नाशी जवळ आली तुझी. माळावर लोखंडाशी गप्पा मारणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

आणि तुझ्या त्या डायनामोचं काय घेऊन बसलास? माहेरी बोलणारी पोरगी सासरी गप्प बसली, तर पोरीलाच किती वेळा वैद्याकडे नेशील? सासर बघ की. तिला बसायला काय दिलंय ते बघ. मला सासूने पहिल्या दिवशी ओल्या पाटावर बसवलं, तर वर्षभर तोंड उघडलं नाही मी. पुढची भरपाई तू ऐकतोच आहेस.

हे आपलं चेष्टेनं. तू ये.

वाट बघणाऱ्या म्हातारीवर लोभ ठेव.

तुझी आक्का
ब्राह्मी


अनगोळ, बेळगाव
ता. २८ जून १९४६

ती. आक्कास,
बाळगोंडाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो, आणि हसता हसता थांबलो. उठून डायनामोची बैठक बघितली.

डायनामोकडून बॅटरीला तार जाते, पण विजेच्या परतीच्या वाटेला तार नसते. मशीनचं लोखंड हीच तिची वाट. त्यासाठी डायनामो जिथे बसतो तिथे लोखंडाला लोखंड उघडं भिडावं लागतं. भरमूने नेमके तिथे रंगाचे दोन हात दिलेले, बोल्टसुद्धा रंगात बुचकळलेले. मंडळी गावात गेल्यावर मी इंजिन चालू केलं. तारेच्या तुकड्याचं एक टोक डायनामोच्या अंगाला लावलं, दुसरं मशीनच्या खरवडलेल्या लोखंडाला. काटा उठला. तार काढली, पडला. लावली, उठला.

मग तार बाजूला ठेवून बसलो. बघणारं कोणी नव्हतं. ठेकेदाराला गेलं म्हणालो असतो तर आठवड्यात तुझ्या ओसरीवर असतो. सूर्य बुडाला, म्हणजे त्या दिवसाचं जेवण राहिलं, तरी बसूनच होतो. शेवटी कानस घेतली आणि रंग घासून काढला.

भरमू लई वरमला. म्हणाला, पुढच्या बेंदराला नुसतं हळदकुंकू लावीन. त्याची नोकरी राहिली, पण त्याच्यासाठी केलं असं म्हणून मी पुण्य घेणार नाही. निपाणीत मला कोण काय विचारणार आहे, आक्का? कट्ट्यावर बसून तंबाखूचा भाव ऐकायचा. इथे निदान एक काटा आहे, जो मी हात लावला की हलतो.

मशीन आठवड्याभरात रेल्वेवर चढेल. दिवाळीला यायला बघतो. शिव्या भरपूर दे. तेवढंच पत्र लांबेल.

राग धरावा, पण लोभासकट.

तुझा
बाळगोंडा


निपाणी
ता. २ जुलै १९४६

चि. बाळगोंडास अनेक आशीर्वाद.

पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हाच समजले. येणारा माणूस कार्ड टाकतो.

शिव्या देणार नाही. कुणाला देऊ? अख्खी निपाणी सांगत आली, ब्राह्मीबाई, या जिभेने एक दिवस तुमचंच नुकसान होईल. सासूच्या राज्यात झालं नाही, सासू गेल्यावर झालं नाही, मला वाटलं आता होत नाही. पाट बघ म्हणून लिहायला मला कोणी सांगितलं होतं? नुसतं 'ये' लिहून पाकीट चिकटवलं असतं तर भागलं असतं.

नागुबाईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, भावाचं मशीन घरबसल्या दुरुस्त करणारी बाई निपाणीत दुसरी नाही. कौतुक की टोमणा ते कळेना.

तिकडे उन्हाळा कडक असतो म्हणतात. ताक घेत जा. नवा पत्ता लगेच कळव. मशीन पुन्हा मुकं झालं तर लिही. न झालं तरी लिही.

तुझी आक्का
ब्राह्मी