फ्लॉसीमावशींच्या लोंगराचा लिलाव

सांडोर, सोमवार, ता. १४ जानेवारी १९८०. सायंकाळचे साडेसहा. मिठाच्या पाण्याने गुळण्या करून लिहायला बसलो आहे.

तीर्थरूप थॉमसमामा यांस, सेबेस्टियनचा सविनय नमस्कार. आपला गुडघा आणि मटिल्डामामींचा दमा थंडीत कसा आहे ते कळवावे. इकडे माझा आवाज सोडून सर्वांचे बरे आहे.

पत्रास कारण, गावच्या नव्या कॉलेजातल्या कारकुनाच्या जागेचे घोडे अडले आहे. जूनमध्ये कॉलेज उघडले की ती जागा मला, असे इमारत निधीचे चिटणीस गॅब्रिएल मास्तर स्वतः बोलले होते. (मी मॅट्रिकला दोनदा नापास, पण ऱ्हस्व-दीर्घ पक्के, हेही त्यांनीच आईला सांगितले.) त्या आशेवर मी वर्षभर निधीसाठी सायकल झिजवली. देणगी ऐच्छिक आहे, तिचा प्रवेशाशी काडीचा संबंध नाही, असे दारोदार सांगितले. लोक शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "मग आमच्या पोराचं जमेल ना?"

अशात विरारचे जयराम शेठ आले. ते इमारती बांधतात. मुलाला दहावीला एक्केचाळीस टक्के, आणि हवे सायन्स. मास्तर तत्त्वाचे. त्यांनी नोटांना हातही लावला नाही. म्हणाले, "हातात घेतले तर लाच. सणाच्या लिलावात बोललात तर भक्ती." सणाला चर्चमधली मिस्सा सुटल्यावर लोक वाडीतला पहिला माल देवळापुढे आणतात आणि दहाचा कोंबडा पन्नासला जातो, का म्हणून कोणी विचारत नाही, हे आपण जाणताच. यंदाचा लिलाव कॉलेजसाठी होता. ठरले असे की फ्लॉसीमावशींच्या केळ्यांनी भरलेल्या लोंगरावर शेठनी एक हजार एक बोलायचे, आणि मी तिथेच लिलाव तोडायचा. पुकारणारा मी, कारण आवाज लांब जातो. (जात होता.)

काल लोंगर पुढे आला. पंचवीस, तीस, आणि एकदम शेठ, "एक हजार एक!" मी म्हटले, "एक वार." थांबलो. "दोन वार." थांबलो. आजोबा पुकारायचे तेव्हा प्रत्येक वारानंतर श्वासभर थांबायचे. मागे बसलेल्याचाही हक्क असतो म्हणायचे. मास्तर डोळे वटारत होते. मला वाटले, त्यांना ऊन लागले. तेवढ्यात मागून शेजारच्या वाडीचे बॅप्टिस्टकाका उठले. "लोंगर विरारला जाणार? आम्ही सगळे मेलो काय रे? अकराशे!"

शेठचा सौदा एक हजार एकचा, वर पैसा नाही. मास्तर माझ्या कानाशी, "म्हण, नको, थांब," असे एका दमात म्हणाले. लोक टाळ्या पिटत होते. मी "तीन वार" म्हटले.

आता लोंगर बॅप्टिस्टकाकांकडे आहे. काका अठ्ठावन्न वर्षांचे, बिनलग्नाचे. प्रवेश द्यायचा तर कोणाला? अकराशे रुपयेही नाहीत. "अरे, गावच्या इज्जतीसाठी बोललो. महिन्याला पाच-पाच देईन की," म्हणाले. शेठ सगळ्यांना विचारत आहेत, "म्हणजे आमची ॲडमिशन केळ्यात गेली?" फ्लॉसीमावशी तेवढ्या खूश; त्यांच्या लोंगराचे नाव कळंबपर्यंत पोहोचले. मी मास्तरांना विचारले, माझी चूक काय झाली? म्हणाले, "चूक नाही रे, तीच तर पंचाईत आहे. तुला व्यवहार कळत नाही. असा माणूस कॉलेजात कसा चालेल?"

मामा, मी थकलो आहे. भक्ती कुठे संपते आणि दुसरे काय सुरू होते, हे ठरवण्याइतके माझे शिक्षण नाही. पण असल्या मार्गाने मिळणारी नोकरी मला नको. आईचेही हेच मत आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
सेबेस्टियन

ता. क. आईने पत्र वाचले. तिचे मत तसे नाही.

आणखी एक. कारकुनाच्या जागेसाठी पैसे हातात घेणे मास्तरांच्या तत्त्वात बसत नाही. परंतु येत्या रविवारी उरलेल्या मालाचा लिलाव आहे. त्यात आमच्या वाडीतला एक दुधी येईल. आपण कृपया येऊन त्यावर पाचशे एक बोलावे. बॅप्टिस्टकाकांची काळजी नसावी. त्या दिवशी ते अर्नाळ्याला बहिणीकडे जेवायला आहेत.

खर्च: सायकलची ट्यूब ४.५०, मीठ ०.२५, बॅप्टिस्टकाकांचे अर्नाळ्याचे एस.टी. भाडे, जाऊन-येऊन, २.४०. एकूण रुपये ७.१५.
देणे: आपले पाचशे एक, नोकरी लागल्यावर, महिन्याला पाच-पाच.