पुढच्या चाकाखालचं लिंबू

चेन्नई,
१९ सप्टेंबर

प्रिय उन्मेष,
आशीर्वाद.

"ताई, ब्रेक लागला नाही तर तू पुढे उभी आहेस ना?" सात वर्षांचा असताना सायकलवर बसून तू विचारलं होतंस. सकाळपासून तेच ऐकू येतंय.

ऊर्मीचा ताप उतरला. मामा घरी का येत नाही, म्हणून विचारते. तुझा डबा माझ्याकडेच आहे. ऑफिसात तू मला टाळतोस, म्हणून हे पत्र.

आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी तीन नंबरच्या गाडीचा तुझा चाचणी अहवाल वाचला. गेल्या शुक्रवारी, बॅटरी पूर्ण भरून, उतारावर चाळीस वेळा ब्रेक. सगळे पास. आकडे इतके एकसारखे की आधी कौतुक वाटलं, मग वाटेना.

सोमवारी शेडमध्ये गेले. तीन नंबरच्या पुढच्या चाकाखाली नारायणस्वामींनी ठेवलेलं लिंबू तसंच होतं. सुरकुतलेलं, पण अख्खं. लिंबू चिरडल्याशिवाय आपले हे फोरमन एकही नवी गाडी चाचणीला सोडत नाहीत.

"पूजा बुधवारीच झाली, मॅडम. गाडी न्यायला कोणी आलंच नाही," ते म्हणाले.

तुला विचारलं, तर हसलास. "नंतर नवं ठेवलं असेल गं. आता काय लिंबाची चौकशी लावणार?"

नवं लिंबू सुकलेलं असतं का रे?

तेव्हापासून एक आणि दोन नंबरच्या गाड्यांचे आकडेही काढून बसते. तुझी सही दिसली की पुन्हा वाचते.

एक गोष्ट मात्र मीही लपवली. बॅटरी भरलेली असली की मोटर गाडीला रोखायला मदत करत नाही. तयार होणारी वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. तो कमी पडेल, ही भीती मला डिझाइन करतानाच होती. तुझं 'पास' वाचून सुटल्यासारखं वाटलं. म्हणून लिंबू पाहूनही चार दिवस वर कुणाला कळवलं नाही. तू सही कंटाळून केलीस की मला वाचवायला, हे विचारायचं धाडस होत नाही.

येत्या सोमवारी याच डिझाइनच्या वीस गाड्या वृद्धाश्रमांना जातील. बॅटऱ्या भरूनच.

उद्या सकाळी आठला ये. तीन नंबर पूर्ण चार्ज करून ठेवते. उतारावरून तू चालव, खाली मी उभी राहते.

तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. तरी ये.

अजून पुढेच उभी असलेली,
तुझी ताई