खाण तशी माती

२ मार्च १९१४
आज न्यूयॉर्कच्या बंदरातल्या या बेटावर, परदेशातून येणाऱ्यांना तपासतात तिथे, दुभाषी म्हणून रुजू झाले! दोन वर्षांपूर्वी इथेच डोक्याला रुमाल बांधून उतरले होते. आज पगारी नोकर. न्यूयॉर्कला पाद्रीबाईंची भांडी घासता घासता कानावर पडलेली इंग्रजी शेवटी कामाला आली. लिथुआनियन आणि पोलिश तर घरचीच. जेवायला पांढरा पाव, हवा तेवढा. आईला तिकीट पाठवलंय. ती आली की बीटचं आंबट सूप तिच्याच हातचं.

डॉक्टर पेल भले गृहस्थ वाटतात. जिन्याच्या वरच्या टोकाला उभे राहून चढणाऱ्यांना नुसतं न्याहाळतात आणि खोट दिसली की कोटावर खडूनं अक्षर काढतात. फुली म्हणजे मंदबुद्धी. फुलीवाल्यांची आत परीक्षा होते. नापास झाला की परतीची बोट.

१० मार्च
आमच्याकडची एक विधवा आली होती. तारीख विचारली, तर म्हणाली, "गुरं बाहेर काढायच्या सणाला अजून सहा आठवडे आहेत." फुली कायम. तिनं बरोबर मोजलंय, असं मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. वळू निवडताना दया दाखवून चालतं का, म्हणाले. युरोपच्या पूर्वेकडचं, दक्षिणेकडचं बियाणंच किडकं. आपण इथे जमवतोय ते आकडे उद्या वॉशिंग्टनला कायदा करताना लागणार, मग दार कायमचं बंद.

मीही तिकडचीच, म्हटलं.

"तू अपवाद आहेस, बार्बोरा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१७ मार्च
दुपारी काम नव्हतं. डॉक्टरांनी गंमत म्हणून लोखंडी चिमट्यानं माझं डोकं मोजलं. मग घरच्यांची चौकशी. कुणाला फिट येते का? कुणी वेडसर? मी हसत हसत काझिमिएरासमामाचं सांगितलं, तो मधमाश्यांशी गप्पा मारतो म्हणून. डॉक्टर हसले नाहीत.

२४ मार्च
आई आली.

रांगेत तिला ओळखलंच नाही. बोटीत पोटात काही ठरलं नव्हतं, पार वाळलीय. जिना चढताना तोंडातल्या तोंडात जपमाळ म्हणत होती. तेवढ्यावर फुली.

परीक्षेला मीच दुभाषी. आपल्या माणसासाठी दुभाषी बसायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. पण दुसरं कुणी बसलं असतं तर तिला सांभाळून कोण घेणार? म्हणून गप्प राहिले. तिलाही डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावलं.

डॉक्टरांनी लाकडाचे ठोकळे समोर ठेवले. खाचेत बसवायचे होते. आईनं ते एकेक करून मांडीवर घेतले, पुसले आणि माझ्यापुढे सरकवले. "घे गं बार्बुते, तू खेळ. लहानपणी कुठे मिळाले तुला?"

शब्द त्यांना कळले नाहीत. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, तो कळला.

डॉक्टर बराच वेळ एकदा तिच्या चेहऱ्याकडे, एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "खाण तशी माती."

२५ मार्च
आई परत जाणार. मीही जाते म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, तू कुठेच जायचं नाहीस. येऊन तीन वर्षं झाली नसतील तर दोष सापडलेल्याला परत धाडता येतं. आधी दोष तपासायचा. आई दोषी, मामा दोषी. तू नातं लपवलंस, तेही त्यातलंच.

माझी खोली काढून घेतली. आता निरीक्षणाच्या वॉर्डात. दाराला आतून मूठ नाही.

२७ मार्च
मला ठोकळे दिले. डोळे मिटून बसवले असते. झटकन बसवले. पढवलेलं आहे, म्हणाले. उद्या पुन्हा. मुद्दाम सावकाश बसवू? सावकाश म्हणजे मंद.

३० मार्च
क्रॉफ्टबाई, इथली मेट्रन, कोपऱ्यात बसून बघते. रडले, तर टिपून घेते. आज रडले नाही. तेही टिपलं. का टिपलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाई, प्रश्न फार विचारता तुम्ही." आणि टिपलं.

१ एप्रिल
आरशात बघितलं. कपाळ खरंच अरुंद आहे का? आधी तर — मामाचे कान. माझेच ते. डॉक्टर म्हणतात म्हणून दिसतंय, की —

नाही. नाही.

३ एप्रिल
आई पलीकडच्या दालनात आहे. भिंतीतून खोकला ऐकू येतो. हाक मारली नाही. हाक मारली तर —

४ एप्रिल
माणसं आली. पलीकडे पावलं. आई विचारतेय, माझी मुलगी कुठेय? कुणालाच भाषा कळत नाही. सगळ्या बेटावर ती एकटीच बोलतेय आणि मी —

आता खाली, धक्क्यावर. गाठोडं दुसऱ्याच्या हातात. वळली. एकेक खिडकी बघतेय.

काच ठोकली तर वेडी. ओरडले तर वेडी. क्रॉफ्टबाईनं पेन्सिल उचललीय, माझ्याकडेच —

या खिडकीवर आली नजर. आई, मी इथे, मी इ