बारावं भांडं

रत्नागिरी,
रविवार, २६ एप्रिल

प्रिय दर्शना,

सप्रेम जय भीम.

हे पत्र तुला पिशवीत, फडक्याखाली मिळेल. फडक्याची गाठ आधी सोडशील आणि पत्र मग वाचशील, हे मला ठाऊक आहे, कारण खाण्याच्या बाबतीत तू बापावर गेली आहेस. तरी या वेळी आईचं ऐक आणि उलट कर. गाठ पळून जात नाही.

शुक्रवारी फोनवर तू विचारलंस, ‘आई, भांडी संपली का? एक जूनचं तिकीट काढू का?’ मी म्हटलं, रविवारी सांगते. तर ऐक, काल संध्याकाळी अकरावं भांडं परत दिलं. अमरदीपला हा भांड्यांचा प्रकार अजून कळलेला नाही, सासूबाई पुण्याला यायचं टाळतायत असं त्याला वाटतं, असं तू म्हणालीस. म्हणून पहिल्यापासून लिहिते. त्याला वाचून दाखव.

तुझे बाबा गेले त्याला गेल्या रविवारी तीन वर्षं झाली. तेव्हा आठ दिवस आपल्या घरात गॅस पेटला नव्हता. आळीतून जेवण येत होतं, कारखान्यातूनही आलं. कोणी भात आणला, कोणी आमटी, कोणी पेज. सगळं ज्याच्या त्याच्या स्टीलच्या भांड्यातून, आणि प्रत्येकावर मशीनने नाव घातलेलं. सोनूबाई, राजश्री, मथुरा, आणखी कोण कोण. तुम्ही सगळे गेलात आणि मी भांडी घासून फळीवर पालथी घातली, ती अकरा भरली. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. अगदीच नसेल काही तर चिमूटभर साखर घालतात. पण ज्या बाईने स्वतःच्या घरचं जेवण अर्धं करून आपल्याकडे आणलं, तिला मी साखर दाखवू? माझा हात होईना. आणि दुसरं काही करून घालायचं तर मला येत कुठे होतं?

अमरदीपला हेही सांग, म्हणजे तो हसेल. सत्तावन्न वर्षांची बाई आणि स्वयंपाक येत नाही. पण मी लग्न होऊन आले ती कारखान्यात लागले, आणि घरात तुझी आजी, येसूबाई. तिने मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. ‘तुझ्या हाताला आंब्याचा वास येतो गो, माझी आमटी बिघडेल,’ म्हणायची. ती गेली आणि त्याच वर्षी बाबा जहाज सोडून कायमचे घरी आले. सव्वीस वर्षं जहाजावर रांधलेला माणूस. त्यांनी आल्या दिवशी ओटा ताब्यात घेतला. माझ्या हातचं तू खाल्लंस ते डाळ, भात, आणि परीक्षेच्या दिवसांत अंड्याची पोळी.

बाबांची एकच खोड होती. जहाजावर बावीस माणसं, तर हाताला बावीस माणसांचीच सवय. तिघांपुरतं रांधणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. टोप भरून भाजी व्हायची, मी ओरडायचे, आणि ते शांतपणे वाट्या भरून आळीत वाटत सुटायचे. मला वाटायचं, हा माणूस चुकतो आणि मग चूक वाटून टाकतो.

तर ती अकरा भांडी फळीवर, आणि मी चोरासारखी. खरंच सांगते, दोन-अडीच वर्षं मी पुढच्या वाटेने कारखान्याला गेले नाही. मागच्या गडग्याच्या खिंडीतून निघायचे, म्हणजे सोनूबाई तिच्या दारापुढच्या ओट्यावर दिसायला नको. मथुराकाकू बाजारात दिसल्या की मी कांद्यांकडे तोंड करायचे. तुला वाटायचं आई दुःखात आहे, म्हणून कोणात मिसळत नाही. दुःख होतं, आहे, ते कुठे जात नाही. पण मिसळत नव्हते ती भांड्यांमुळे. संध्याकाळी सातला घरी यायचं, चहात खारी बुडवायची आणि वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसायचं. दिवसभर मिरजोळ्याच्या कारखान्यात आंब्याच्या रसात, कोकमात, लोणच्यात उभी, हजार घरांच्या जेवणाची सोय माझ्या हातून जात होती, आणि घरी खारी.

मग दिवाळीत तू म्हणालीस, आई, जूनपर्यंत आवर आणि कायमची ये. तुझं बरोबर होतं. माझ्याजवळ ‘नको’ म्हणायला काही नव्हतं. मी म्हटलं, लोकांची भांडी घरात ठेवून मी गाव सोडणार नाही. तू म्हणालीस, कुरिअरने पाठव. चार घरं सोडून राहणाऱ्या बाईला कुरिअर! मी फोन ठेवून खूप हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसले.

वाचनालयातून पाककृतीचं पुस्तक आणलं. मी सातवी शिकलेली, पण आजवर पुस्तकाने मला कधी फसवलं नव्हतं. या पुस्तकाने फसवलं. सगळं चमच्याच्या मापाने सांगायचं आणि शेवटी लिहायचं, ‘चवीनुसार मीठ’. कोणाच्या चवीनुसार? या घरात ज्याची चव होती तो माणूस तर गेला. मी पुस्तक मिटलं आणि बाबा रांधताना काय पुटपुटायचे ते आठवायला लागले. ‘दोन मुठी’ एवढं पक्कं आठवलं. मग कडव्या वालांचं बिरडं केलं, दोन मुठी मीठ घातलं, सोनूबाईच्या भांड्यात भरलं आणि छातीवर दगड ठेवून पुढच्या वाटेने गेले. तिने उभ्या-उभ्या बोट बुडवून चाटलं. माझ्याकडे बघितलं. ‘करुणा,’ म्हणाली, ‘माझा जन्म बुरोंडीच्या बंदरावर गेला, पण येवढा समुद्र मी एका वाटीत नाय बघितला गो.’

आम्ही दोघी ओट्यावर बसून रडेपर्यंत हसलो. मग तिने मला आत नेलं, ते बिरडं बटाटे घालून, पाणी घालून, नारळाचा रस घालून मार्गी लावलं आणि म्हणाली, ‘दोन मुठी तुझ्या नवऱ्याच्या जहाजाला. तू एकटी माणूस, तुला दोन चिमटी.’ भांडं परत दिलेलं मोजायचं की नाही यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली मोज. मी मोजलं नाही. पुढच्या रविवारी लाल माठ करून पुन्हा दिलं, ते मोजलं.

तेव्हापासून माझं आठवड्याचं कोष्टकच बदललं. रविवार एकच सुट्टीचा, पण रांधायला रविवार लागतोच असं नाही, हे मला राजश्रीने दाखवलं. ती माझ्याच लायनीला आहे, तू तिला ओळखतेस. आमच्या कंपनीच्या गाडीत बायका पिशवीत पावटे घेऊन चढतात. अर्ध्या तासाचा रस्ता, मिरजोळे येईपर्यंत सोलून होतात, आणि टरफलं ड्रायव्हरच्या बकरीला. मी इतकी वर्षं त्या गाडीत पुस्तक वाचत होते. आता एका मांडीवर पुस्तक आणि एका मांडीवर पावटे. पानं थोडी हिरवी होतात, वाचनालयाच्या बाई डोळे वटारतात.

आणि काय सांगू, दर्शना, काय काय असतं या मातीत! हे मला आत्ता कळतंय. थंडीत मुळा आणि चवळीच्या शेंगा, मग पावटे, मग ओले काजूगर. काजूगर सोलताना बोटांची सालं निघाली, पण त्या उसळीचा पहिला घास खाल्ला आणि मी एकटीच ओट्यापाशी मोठ्याने ‘वा’ म्हणाले. राजश्रीचं भांडं त्याच उसळीने भरून दिलं. कैरी आली तेव्हा मथुराकाकूंच्या भांड्यातून मेथांबा दिला. त्या भांड्याकडे बघतच राहिल्या. ‘अगो, हे तुझ्याकडे होतं होय? मी हरवलं म्हणून केव्हाच दुसरं घेतलं!’ म्हणजे ज्या भांड्यापायी मी दोन वर्षं कांद्यांकडे तोंड केलं, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. उलट त्यांना वाटत होतं, त्यांच्या घरचे गुरुजी बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला उशिरा आले म्हणून मी रागावले. त्यांनी माझ्यासाठी मनातल्या मनात चार वेळा माफीचं भाषण तयार केलं होतं. मी म्हटलं, मग आता करून टाका. केलंही त्यांनी, खुर्चीत बसून.

चौदा एप्रिलला विहारात जेवण होतं. वाटाण्याची उसळ माझ्याकडे दिली, सोनूबाईने नाव पुढे केलं असणार. माणसं चाळीस. मोठा टोप चढवला, नारळ वाटून झाला, मीठ घालायच्या वेळी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि माझा हात आपोआप बरणीत गेला. एक मूठ, दोन मुठी. थांबले, चव घेतली, मग आणखी थोडं. चाळीस माणसांना अगदी बरोबर झालं. बाबांचं माप चुकीचं नव्हतं गं. माणसं कमी होती. जेवताना पहिल्या पंगतीत कोणीतरी म्हणालं, ‘सुहासभाऊंच्या हातची वाटते.’ मी वाढत होते, म्हणून कोणाला माझं तोंड दिसलं नाही.

आता तुझ्या तिकिटाचं. मी हिशेब असा धरला होता की अकरा भांडी परत गेली की हात मोकळे, मग पुण्याला यायला हरकत नाही. पण आपल्याकडची माणसं कशी आहेत! सोनूबाईने आठ दिवसांत त्याच भांड्यातून तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं आणलं. मथुराकाकूंनी मेथांब्याच्या भांड्यातून आंबोळ्या पाठवल्या. राजश्री तर डब्याचं झाकण माझ्याकडे आणि डबा तिच्याकडे असं मुद्दाम करते. आज सकाळी फळीवर नजर टाकली तर परक्या नावांची पाच भांडी पालथी पडलेली. पूर्वी अशी भांडी बघितली की मी मागच्या वाटेने निघायचे. आज मी कमरेवर हात ठेवून विचार करत होते, कोणाला काय द्यावं. आंबा उतरायला लागलाय, कोकमाचे रातांबे येतील, फणस पिकला की सांदणं शिकायचीत. हे कधी संपणार नाही, बाळ. आणि मला संपवायचंही नाही. म्हणून एक जूनचं तिकीट काढू नकोस. रसाचा हंगाम आटोपला की जूनअखेरीस मी आठ दिवस येईन, आणि परतीचं तिकीट काढूनच निघेन. रागावू नकोस. तू मला एकटी म्हणून बोलावत होतीस. तू बोलावलंस तेव्हा मी एकटी होतेच. आता नाही.

आता फडक्याची गाठ सोड. मी तुला अकरा भांडी सांगितली, पण ती बारा होती. बारावं हे, तुझा निळ्या झाकणाचा डबा. बाबांना दवाखान्यात ठेवलं आणि त्यांनी फणसाच्या भाजीचं नाव काढलं, तेव्हा तू पुण्याच्या मंडईत कच्चा फणस शोधलास. जन्मात पहिल्यांदा तो कापलास, हाताला तेल न लावता, आणि भाजी करून सात तास प्रवास करून आलीस. तुझी बोटं चिकाने काळी झाली होती, ते मला अजून दिसतं. तू पोचलीस तेव्हा ते गेले होते. तू डबा माझ्या हातात दिलास, त्याचं पुढे काय झालं ते कधी विचारलं नाहीस, आणि त्यानंतर स्वतःच्या घरातही रांधलं नाहीस. रोज बाहेरून मागवतेस आणि वेळ नसतो म्हणतेस. मी पण खारीवर जगले आहे, तेव्हा मला सांगू नकोस. ती भाजी फेकली नाही, दर्शना. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे उठायच्या आत, मी ओट्यापाशी उभं राहून ती सगळी खाल्ली, डबा बोटाने पुसून. चांगली झाली होती. फक्त तू मीठ घालायला विसरली होतीस. हे मी तुला तीन वर्षं सांगितलं नाही, कारण तेव्हा माझ्याजवळ तुझ्या डब्यात घालायला काही नव्हतं. आज आहे. काल संध्याकाळी भांडं देऊन आल्यावर फणस कापला, हाताला तेल लावून. आज पहाटे भाजी केली आणि मीठ तीनदा चाखून घातलं. राजश्रीचा भाऊ गाडी घेऊन पुण्याला निघालाय, संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात येईल. गरम करून दोघं खा. डबा घासून ठेव, मी जूनमध्ये आले की परत दे. आणि रिकामा देऊ नकोस. साखर चालणार नाही.

तुझीच, मीठ आता जपून घालणारी,
आई